माप घेतल्यानंतरचे चार किलो

"प्रस्तुत इसम पुरुष, वय वर्षे एकसष्ट, व्यवसाय शिवणकाम, उंची पाच फूट चार इंच, वजन अठ्ठावन्न किलो. चष्मा आहे, मिशी आहे. जिभेच्या उजव्या कडेस व्रण असून तपासणीअंती तो कर्करोगाचा असल्याचे निश्चित झाले आहे. तोंड उघडण्याची क्षमता बेचाळीस मिलिमीटर. सहकार्य करण्याची वृत्ती आढळून येत नाही. किरणोपचाराच्या तेहेतीस बैठका नियोजित असून सर्व बैठका दिलेल्या तारखेस व दिलेल्या वेळेस पार पडतील."

या वर्णनात एकही चूक नव्हती, आणि त्यावरून रस्त्यात कुणी या इसमाला ओळखलंही नसतं. तीन गल्ल्यांना तो 'मास्तर' एवढाच ठाऊक होता. बायकोनं तो कागद रुग्णालयाच्या बाकावर बसून वाचला. दोन्ही बाजूंना गंभीर चेहऱ्याची माणसं होती. व्रणापाशी तिचे डोळे भरून आले, सहकार्यापाशी तिनं मान डोलावली, आणि 'दिलेल्या तारखेस' या शब्दांपाशी येताच तिला हसू फुटलं. पदराचा बोळा तोंडात कोंबूनही ते आवरेना. शेजारच्या गृहस्थांनी समजुतीनं तिला पाणी दिलं.

तिचंही चुकलं नव्हतं. चौतीस वर्षांच्या धंद्यात मास्तरांनी दिलेल्या तारखेला एक रुमालसुद्धा दिला नव्हता. किल्ल्या करणारा आणि चष्मेवाला यांच्यामधल्या दहा बाय आठच्या दुकानात बसून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच उत्तर देत, "गुरुवारी या." कुठल्या गुरुवारी, हे विचारायची पद्धत नव्हती. शिवण मात्र अशी, की माणसं शिव्या देत जायची आणि कपडा घालून परत यायची.

आता पंचाईत अशी होती, की रुग्णालयानं तारीख दिली होती आणि ती पुढे सरकणार नव्हती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. गाठ आज किरणांनी जाण्यासारखी आहे. रेंगाळलात तर अर्धी जीभ कापावी लागेल, आणि त्याहून रेंगाळलात तर कापून काही उपयोग नाही.

मास्तर किरणांना घाबरले नाहीत. दाढा काढायच्या म्हटल्यावर तीन दाढा मुकाट्यानं काढून घेतल्या. अडलं ते मुखवट्यापाशी. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढून बसवतात, थोड्या वेळात ती कडक होते. मग रोज तीच चढवायची आणि टेबलाला खटक्यांनी पक्की करायची, म्हणजे बारा मिनिटं डोकं केसभर हलत नाही आणि किरण नेमके जागेवर पडतात. हे सगळं ऐकून घेऊन मास्तर म्हणाले, "तेवढं सोडून बाकीचं सगळं करा."

त्याला कारण होतं. सातव्या वर्षी, मोठ्या बहिणीनं विणलेल्या बंद गळ्याच्या स्वेटरमध्ये त्यांचं डोकं अडकलं होतं. आई वरून ओढत होती, बहीण खालून ओढत होती, आणि आतला अंधार लोकरीच्या वासाचा होता. शेवटी स्वेटर कात्रीनं कापून त्यांना बाहेर काढलं. बहीण त्यानंतर दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही, आणि कात्रीशी त्यांचं सख्य जमलं ते तिथूनच, असं घरात म्हणायचे. तेव्हापासून डोक्यावरून घालायची वस्तू मास्तरांनी अंगाला लावली नव्हती. त्यांची बनियनसुद्धा स्वतः शिवलेली असे, पुढून पाच बटणांची.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: तेरा नंबरची खोली, गुरुवार, चार वाजता. तिथे म्हणे उपचार होऊन गेलेली माणसं जमतात आणि नव्या माणसाची तयारी करून घेतात. 'होऊन गेलेली माणसं' हे शब्द मास्तरांना फारसे उमेद देणारे वाटले नाहीत. पण बायकोनं दंड धरला होता, आणि तिची पकड सुटण्यातली नव्हती.

तेरा नंबरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि दारातच एक उंच, काटक बाई उभ्या होत्या. खांद्याला चामड्याची तिकिटांची पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. शहर बसवर एकतीस वर्षं कंडक्टर होत्या. चार वर्षांपूर्वी घशाचा आजार झाला, तेहेतीस बैठका झाल्या. आता थुंकी कमी सुटते म्हणून बोलताना मध्ये मध्ये घोट घ्यावा लागे, आणि आवाज खडीच्या रस्त्यावरून बस गेल्यासारखा यायचा. सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत. मास्तर दारात घुटमळले, तशा बाई म्हणाल्या, "पुढे सरका, पुढे. आत जागा आहे."

मास्तर बाईंच्या एकतीस वर्षांच्या सवयीच्या जोरानं आत ढकलले गेले.

बाईंनी लपवाछपवी केली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघेल, चव जाईल, पाणीसुद्धा टोचेल, आणि तेव्हा तुम्ही मला मनात शिव्या द्याल, त्या खुशाल द्या, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. म्हणून तयारी आत्ताच करायची. जबडा आखडू नये म्हणून रोज आइसक्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून तोंड उघडायचं. गिळायचे व्यायाम करायचे. मुखवट्याचं माप घेईपर्यंत पोटभर खायचं, वजन वाढवून ठेवायचं, कारण पुढे ते उतरणारच. आणि माप घेतल्यानंतर आहे तेवढं टिकवायचं, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही.

यातलं 'पोटभर खायचं' एवढं मास्तरांनी नीट ऐकलं. उरलेलं त्यांनी तसं ऐकलं, जसं गिऱ्हाईक त्यांचं ऐकत असे.

मग बाईंनी पिशवीत हात घालून आपला जुना मुखवटा काढला आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवला. त्याला कांद्याचा वास येत होता.

"घरी कांदे ठेवते यात," बाई म्हणाल्या. "हवेशीर राहतात."

मास्तरांचे हात शिंप्याचे होते. त्यांनी मुखवटा उलटा केला, कडा चाचपल्या, नाकाच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. ती त्यांना कुठे सापडेना.

"यात माया ठेवलेलीच नाही," ते नापसंतीनं म्हणाले. "कुणी शिवलाय हा?"

बायकोनं छताकडे पाहिलं. आजार कळल्यापासून नवरा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवत होता. तिला बरं वाटलं.

त्यानंतर कंडक्टरबाई रोज दुपारी दुकानात येऊ लागल्या. त्यांची युक्ती साधी होती. टेबलावर पडल्यावर त्या डोळे मिटून आपला जुना मार्ग चालवायच्या. पंचवीस थांबे, मिनिटाला दोनच्या हिशेबानं. घाट चढायचा, शाळेपाशी पोरं उतरवायची, पुलावर ड्रायव्हरशी भांडायचं. तेहेतीस दिवसांत एकदाही डेपोच्या पुढे जायची वेळ आली नव्हती, त्याआधीच खटके उघडायचे. सराव म्हणून त्यांनी मास्तरांना कापड बेतायच्या टेबलावर आडवं केलं, चेहऱ्यावर ओलं मलमल पसरलं आणि स्टुलावर बसून एकेक थांबा पुकारायला सुरुवात केली.

चौथ्या थांब्यावर मास्तर उतरले. म्हणजे मलमल फेकून दिलं आणि टेबलावर उठून बसले.

दुसऱ्या दिवशी पाचव्यावर उतरले. तिसऱ्या दिवशी पोस्टातले कारकून दुकानात आले. त्यांची पँट सात आठवड्यांपासून यायची होती. त्यांना दिसलं ते असं: मास्तर टेबलावर उताणे, पाय सरळ, चेहऱ्यावर ओलं पांढरं कापड, आणि उशाशी एक अनोळखी बाई घोगऱ्या आवाजात म्हणते आहे, "बाजार गेट, बाजार गेट, चला उतरून घ्या." कारकुनांनी चप्पल काढली, टोपी काढली, आणि थोडा वेळ मान खाली घालून उभे राहिले. मग माणसाचा जीव कशात अडकतो त्याला इलाज नाही, त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या पँटचं काय झालं असेल हो?"

मलमलाखालून आवाज आला, "गुरुवारी या."

कारकून चप्पल न घालताच गेले. बाई स्टुलावरून घसरल्या, अर्धी बाटली प्यायल्या तरी त्यांची उबळ थांबेना. चष्मेवाला काय झालं म्हणून डोकावला आणि काहीही न कळता हसायला लागला. मास्तर कापडाखालीच गदगदा हलत होते. या सगळ्यात ते सहा मिनिटं पडून होते, हे नंतर घड्याळ पाहिल्यावर लक्षात आलं.

"मास्तर, हा माझा मार्ग आहे," बाई दम खात म्हणाल्या. "तुम्हाला तो लागायचा नाही. तुम्ही डोळे मिटून काय करू शकता?"

मास्तरांनी विचार केला. "कोट."

"मग कोट शिवा. बारा मिनिटं."

"कुणाचा?"

"कुणाचाही शिवा हो. मनातल्या मनात तर शिवायचाय."

पण माप नसलेला कोट मास्तरांना मनातल्या मनातही बेतता येईना. खडू हातात धरला की पुढे काही नाही. शेवटी त्यांनी जुनी वही काढली. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या पानावर बायकोचं माप होतं. कोट शिवून द्यायचं त्यांनी तिला कबूल केलं होतं; तिनं गुरुवारी विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. संध्याकाळी त्यांनी तिच्यासमोर तो विषय काढला, तेव्हा ती भांडी पुसत होती.

"त्या मापाचा कोट आता माझ्या एका हाताला होईल," ती म्हणाली. "माणूस आहे मी, खुंटी नाही. माप परत घ्या."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि स्वयंपाकघरातच माप घेतलं. छाती, कंबर, खांदा, बाही. आकडे वहीत लिहिताना त्यांनी जुन्या आकड्यांवर काट मारली नाही. शेजारी नवे लिहिले.

कोटानं काम केलं. मुखवट्याचं माप घ्यायच्या दिवशी गरम ओली जाळी चेहऱ्यावर आली, तेव्हा मास्तरांनी मुठी आवळल्या, पण पाठीचे दोन भाग कापून होईपर्यंत ते पडून राहिले. मुखवटा तयार करणारी तंत्रज्ञ मुलगी त्यांना शाबास म्हणाली. पहिली बैठक सोळा दिवसांनी, सोमवारी ठरली. तोवर संगणकावर किरणांचा आराखडा व्हायचा होता.

मास्तर रुग्णालयातून बाहेर आले ते परीक्षा सुटलेल्या पोरासारखे. भूक अशी लागली की विचारू नका. दाढा नव्हत्या, जीभ झोंबत होती, म्हणून सगळं मऊ हवं होतं, आणि मऊ म्हणजे दूध, लोणी, अंडी, केळी, कुसकरलेला बटाटा. बायकोला वाटलं, खातोय ना, खाऊ दे. किल्लीवाल्याची बायको सायीचा वाडगा पाठवायला लागली. चौथ्या दिवशी पँट कमरेला काचली. मास्तरांनी शिवण उसवली, अर्धा इंच माया सोडली, पुन्हा शिवली. आठव्या दिवशी पुन्हा अर्धा इंच. कॉलरचं बटण सरकवलं. दुसरा कुणी असता तर त्याला कपडे तंग होताहेत म्हणून आपण फुगतोय हे कळलं असतं. मास्तरांचे कपडे तंग झालेच नाहीत. चौतीस वर्षं ते नवरदेवांना बजावत आले होते की माप दिल्यावर चार घास कमी खा, आणि स्वतःच्या बाबतीत त्यांना ते एकदाही आठवलं नाही.

सोमवारी टेबलावर दोन खटके लागले. तिसरा लागेना. मुलीनं दाबून पाहिलं, मास्तरांच्या गालावर जाळीचे चौकोन उमटले. मग तिनं मुखवटा काढला आणि त्यांना काट्यावर उभं केलं. बासष्ट किलो. मापाच्या दिवशी अठ्ठावन्न भरले होते.

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "पँट बरोबर बसतेय."

"बसणारच," बायको म्हणाली. "दर चार दिवसांनी उसवत होतात."

डॉक्टर आले आणि त्यांनी मास्तरांना उभ्या उभ्या झापलं. मग सोबत आलेल्या कंडक्टरबाईंनी झापलं, आणि त्यात स्वतःलाही सोडलं नाही, कारण रोज दुकानात येऊन त्यांनी एकदाही त्या पँटीकडे नीट पाहिलं नव्हतं. आज नवा मुखवटा करायचा, नवी छायाचित्रं काढायची, आराखडा पुन्हा मांडायचा. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. गाठीला यातलं काही कळत नव्हतं. ती तिच्या वेळेवर चालली होती. शेवटी त्यांनी मुलीला विचारलं, मग सुरू कधी.

मुलीनं वेळापत्रकावर बोट फिरवलं. "गुरुवारी या."

मग बायकोच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, आणि कंडक्टरबाईंची खडी सुटली. दोघी एकमेकींना धरून काट्यावर बसल्या, तर काटा त्यांचं मिळून वजन दाखवायला लागला, त्यानं आणखीच भर पडली. मुलगी बावचळून एकेकाकडे पाहत होती. हसला नाही तो एकटा मास्तर. गुरुवार म्हणजे काय हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं.

"ताई, नक्की गुरुवार," त्यांनी हळूच विचारलं, "की म्हणायचं म्हणून?"

"नक्की."

"लिहून देता?"

मुलीनं लिहून दिलं. तारीख, वेळ, खाली सही. मास्तरांनी कागदाची घडी घालून पाच बटणांच्या बनियनच्या आत ठेवली.

मधल्या दोन दिवसांत बाईंनी रोज सकाळी दुकानात येऊन मास्तरांच्याच टेपनं त्यांच्या गळ्याचं माप घेतलं आणि खडूनं टेबलावर लिहिलं. आकडा हलला नाही. मास्तरांनी रखडलेली सहा कामं पुरी केली. बुधवारी पोस्टातल्या कारकुनांना पँट घरपोच मिळाली, तेव्हा ते दारातच रडायला लागले. त्यांना वाटलं, मास्तर सगळं आटोपताहेत. मास्तरांनी त्यांची समजूत घातली, की हे तात्पुरतं आहे, बरा झालो की पुन्हा लांबवीन.

गुरुवारी चारही खटके लागले.

चौथ्या खटक्याला मास्तरांना लोकरीचा वास आला, अगदी स्पष्ट, चोपन्न वर्षांपूर्वीचा. मुलगी बाहेर गेली. जाडजूड दार लागलं. आत आता ते आणि यंत्र. हात मोकळे होते. नको वाटलं तर हात वर करा, आम्ही लगेच येऊ, असं सांगितलेलं होतं. मास्तरांचा उजवा हात टेबलावरून दोन बोटं उचलला.

भिंतीतल्या ध्वनिक्षेपकातून खरखर आली. बाहेर कंडक्टरबाईंनी मुलीकडून माइक मागून घेतला होता. त्या भाषण करतील असं मुलीला वाटलं होतं. बाईंनी पिशवीतून तिकिटांचा जुना पंच काढला आणि माइकच्या दांडीवर दोनदा वाजवला.

टिंग, टिंग.

बस सुटली. मास्तरांचा हात खाली आला, आणि खाली येता येता त्यानं खडू उचलला. छाती अडतीस. वहीतलं नवं माप. पाठ मधोमध दुमडायची, खांद्याला उतार द्यायचा. यंत्र घूं करत डोक्याभोवती फिरायला लागलं. चालू दे त्याचं, आमचंही मशीन चालू आहे. कात्री लावली. पाठीचे दोन भाग, पुढचे दोन भाग. माया भरपूर, सगळीकडून इंचभर, पुढेमागे लागली तर. खिसे आतून, कारण ही बाई खिशात काहीही कोंबते. अस्तर. कॉलरला दोनदा इस्त्री. उजवी बाही खांद्यात बसवायला वेळ लागला, जरा चुण्या पडत होत्या, त्यांनी ती उसवून पुन्हा बसवली. घाई नव्हती. धाग्याचं टोक दातानं तोडायला गेले, तेव्हा जाळी आठवली.

खटके उघडले.

बाहेर बायको उभी होती. तिनं त्यांच्या गालावरचे चौकोन बोटानं पुसून पाहिले. ते पुसले जाईनात. मुलगी टेबलाशी बसून नोंद लिहीत होती: "बैठक पहिली, गुरुवार. रुग्ण संपूर्ण वेळ स्थिर. रुग्णाने पूर्ण सहकार्य केले. नियोजित सर्व काम दिलेल्या तारखेस व दिलेल्या वेळेत पूर्ण."

कोटाची डावी बाही लावायची राहिली होती.